तणातून पीक ओळखणारे शास्त्रज्ञ : निकोलाय वाविलोव

तण म्हणजे काय असं विचारलं, की मुलं पटकन सांगतात, नको असलेलं गवत. पण एका तणाचंच पुढे धान्य झालं! हे उलगडून दाखवलं रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी.

त्यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. शेतीशास्त्राच्या शिक्षणानंतर ते इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन यांच्याकडे आनुवंशशास्त्र शिकले. १९१६ साली इराण आणि पामीरच्या डोंगराळ भागात फिरताना त्यांना एक गंमत दिसली. खालच्या शेतात गव्हामध्ये राय नावाचं तण होतं. जसजसं वर चढावं, तसतसा गहू कमी आणि राय जास्त! थंडीत गहू टिकत नसे, राय मात्र तग धरून राही. बियाण्यात मिसळून ते दरवर्षी आपोआप पेरलं जाई. असं होता होता तेच पीक बनलं.

यामागचं कारण सोपं आहे. खुरपणीत वेगळं दिसणारं तण उपटलं जातं, पिकासारखं दिसणारं वाचतं. उफणणीत हलकं बी उडून जातं, दाण्याएवढं बी धान्यातच राहतं. वाचलेल्याचेच गुण पुढच्या पिढीत उतरतात. म्हणजे पिकाच्या सोबतीने तण बदलतं, आणि नकळत निवड करतो शेतकरीच. आपल्या भातखाचरातही भातासारखं दिसणारं गवत असतंच की!

पुढे वाविलोव यांनी देशोदेशी फिरून लेनिनग्राडच्या संस्थेत बियाण्यांचे दोन लाखांहून अधिक नमुने जमवले. जगातून भूक हटावी, हाच ध्यास. पण आनुवंशशास्त्र न मानणाऱ्या लायसेन्कोला स्टालिनचा पाठिंबा होता. वाविलोव यांनी आपलं शास्त्र सोडलं नाही. ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना अटक झाली. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ५५. त्याच काळात वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे काही सहकारी भुकेने मेले, पण संग्रहातल्या धान्याला त्यांनी हात लावला नाही. १९५५ साली सरकारने वाविलोव यांना निर्दोष ठरवलं.

येत्या पावसाळ्यात मुलांना शेताच्या बांधावर जरूर न्या. पिकासारखं दिसणारं तण त्यांना शोधू द्या आणि मग ही गोष्ट सांगा. धडा आयुष्यभर लक्षात राहील.