नोकरी, भागीदारी आणि स्वतःची चित्रशाळा: दादासाहेब फाळके

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चाळिशी गाठेपर्यंत आपल्या मार्गाच्या शोधात होते. कलाशिक्षणानंतर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला; तो टिकला नाही. पुरातत्त्व खात्यातील नोकरीत स्थैर्य होते, तीही सोडली. भागीदारीत मुद्रणालय काढले, तेथे मतभेद झाले.

चित्रपटासाठी मात्र त्यांनी विमापत्र गहाण ठेवले, १९१२ मध्ये लंडनला जाऊन तंत्र आत्मसात केले आणि घराचीच चित्रशाळा केली. पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून कलावंतांच्या जेवणापर्यंत सारे सांभाळत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला.

महायुद्धाच्या काळात पैशाची चणचण भासू लागली, तेव्हा त्यांनी पुन्हा भागीदारी पत्करून हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली. खर्चाचा हिशेब मागणाऱ्या भागीदारांशी पटेना, म्हणून ते काशीला गेले; अखेर त्याच कंपनीत वेतनावर परतले.

कामाची मोकळीक त्यांना स्वतःच्या घरातच लाभली, भांडवल मात्र इतरांकडे होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तोवर हा पेच सुटला नव्हता.