इमाम गझाली आणि खरी बरकत

'बरकत' हा शब्द आपल्या घरात रोज उच्चारला जातो. पगारात बरकत, धंद्यात बरकत, शेतात बरकत! परंतु मान, पैसा आणि शिष्य भरपूर असूनही ज्यांना बरकत जाणवेना, अशा एका थोर शिक्षकाची हकिकत आज आपणांस सांगावयाची आहे.

इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.) यांचा जन्म इ. स. १०५८ मध्ये इराणच्या खुरासान प्रांतातील तूस येथे झाला. वडील गरीब होते. मुहम्मद आणि अहमद ही दोन मुले व जवळचे थोडेसे पैसे एका सूफी मित्राच्या हवाली करून ते वारले. पैसे संपताच त्या भल्या माणसाने मुलांना मदरशात घातले, कारण तेथे जेवणाची सोय होती. विद्येकडे आपण पोटासाठी वळलो, हे गझाली पुढे मोकळेपणी कबूल करीत.

जुरजानहून शिकून परतताना वाटेत लुटारूंनी त्यांना गाठले. माझ्या टिपणांच्या वह्या तेवढ्या परत द्या, अशी त्यांनी विनवणी केली. वह्या गेल्या की जे ज्ञान जाते ते कसले ज्ञान, म्हणून लुटारूंचा नायक हसला आणि त्याने वह्या परत केल्या. गझालींनी त्यानंतरची तीन वर्षे ती टिपणे पाठ करण्यात घालविली. (आमच्या वर्गात नुसत्या वह्या उतरवून घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!)

नंतर निशापूरला इमाम जुवैनींजवळ शिक्षण झाले. १०९१ मध्ये सेल्जुक वजीर निजामुल्मुल्क याने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात प्रमुख शिक्षक नेमले. वय अवघे तेहतीस, समोर तीनशे विद्यार्थी! यापरते यश ते काय, असे आपणांस वाटेल.

पण वाचकहो, त्यांनी स्वतःचे मन तपासले आणि ते हादरले. आपण शिकवितो ते अल्लाहसाठी नव्हे, नावलौकिकासाठी, हे त्यांना कळून चुकले. आज निघावे, उद्या निघावे, अशा ओढाताणीत सहा महिने गेले. १०९५ साली एके दिवशी वर्गात जीभच चालेना. अन्न पचेना. दुखणे मनाचे आहे, असे सांगून हकीमांनी हात टेकले.

मग त्यांनी अल्लाहपुढे पदर पसरला आणि मन हलके झाले. मुलाबाळांपुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. (कुटुंबाला उघड्यावर टाकून ते गेले नाहीत, हे पालकांनी अवश्य पाहावे.) मदरशातील काम भाऊ अहमद याच्याकडे सोपवून ते दमास्कसला गेले. तेथील जामे मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसभर इबादत करीत. पुढे जेरुसलेम आणि हज झाला. मनाला जे हवे होते ते त्यांना या एकांतात, अल्लाहच्या सान्निध्यात मिळाले. 'इह्या उलूमुद्दीन' हा त्यांचा महान ग्रंथ या वर्षांतलाच आहे.

त्यांनी विद्या टाकून दिली, असे मात्र समजू नका. ११०६ साली निशापूरला ते पुन्हा शिकवू लागले. काम तेच होते, हेतू बदलला होता. अखेरीस तूस येथे घराजवळ मदरसा चालवून ते राहिले.

डिसेंबर ११११ मधील एका सोमवारी पहाटे त्यांनी वुजू करून नमाज अदा केली, कफन मागविले आणि डोळ्यांना लावले. मग किब्ल्याकडे तोंड करून ते आडवे झाले. नीट उजाडण्यापूर्वीच त्यांचा प्राण गेला होता.