सेमिनरीपासून संगीतमंचापर्यंत : ड्रमवादक जीन क्रूपा यांची जीवनकथा

दि. १६ जानेवारी १९३८, रविवारची रात्र. न्यू यॉर्क शहरातील कार्नेगी हॉल श्रोत्यांनी खचाखच भरला होता. अभिजात पाश्चात्त्य संगीताचे माहेरघर मानल्या गेलेल्या या सभागृहात त्या रात्री बेनी गुडमन यांचा जाझ बँड वाजणार होता. नृत्यगृहांतील संगीताला या मंचावर स्थान द्यावे काय, अशी शंका अनेकांच्या मनात होती. सुरुवातीला वादकही बिचकत होते. तेव्हा मागच्या बाजूस ड्रमवर बसलेल्या एका तरुणाने जोरकस ठेका धरला आणि साऱ्या बँडमध्ये प्राण आला. कार्यक्रमाच्या अखेरीस ‘सिंग, सिंग, सिंग’ ही रचना सुमारे बारा मिनिटे चालली. तिला आधार होता त्याच तरुणाच्या टॉम-टॉमवरील अखंड घुमणाऱ्या तालाचा. आदल्याच दिवशी त्याने वयाची एकोणतीस वर्षे पूर्ण केली होती. त्याचे नाव जीन क्रूपा. एके काळी हाच तरुण धर्मगुरू होण्यासाठी घराबाहेर पडला होता, हे त्या गर्दीतील फारच थोड्यांना ठाऊक असेल.

यूजीन बर्ट्राम क्रूपा यांचा जन्म १५ जानेवारी १९०९ रोजी शिकागो येथे झाला. वडील बार्थोलोम्यू पोलंडहून अमेरिकेत आलेले, तर आई ॲना पेनसिल्व्हेनिया राज्यात जन्मलेली पोलिश वंशाची. नऊ भावंडांत जीन सर्वांत धाकटा. शिकागोच्या दक्षिणेकडील कष्टकऱ्यांच्या वस्तीत हे कॅथोलिक कुटुंब राहत असे. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि संसाराचा भार आईवर पडला. आपल्या धाकट्या मुलाने धर्मगुरू व्हावे, ही त्या श्रद्धाळू मातेची मनीषा होती. देवाला आपल्या घरातील एक मूल अर्पण करावे, ही कित्येक कॅथोलिक मातांची इच्छा आपल्याही परिचयाची आहे.

जीनचा ओढा मात्र संगीताकडे होता. बालवयात एका वाद्यांच्या दुकानात तो पडेल ते काम करीत असे. साठवलेल्या पैशांतून एखादे वाद्य घ्यावे असे त्याने ठरवले, तेव्हा यादीत सर्वांत स्वस्त होता तो ड्रमचा संच. इतर वाद्ये परवडण्यासारखी नव्हती म्हणून त्याने ड्रम घेतले! जगाला एक थोर ड्रमवादक लाभला तो असा, गरिबीच्या वाटेने.

आईच्या इच्छेला मान देऊन १९२४ च्या सुमारास जीन इंडियाना राज्यातील रेन्सेलर येथील सेंट जोसेफ कॉलेजात दाखल झाला. प्रेशियस ब्लड या मिशनरी संघाचे धर्मगुरू ही संस्था चालवीत. येथे त्याला लाभले संगीतशिक्षक फादर इल्डेफोन्स रॅप. त्यांनी जीनला अभिजात संगीताची गोडी लावली आणि संगीत हे गंभीर साधनेचे क्षेत्र आहे, हे त्याच्या मनावर बिंबवले. जाझविषयीही त्यांच्या मनात अढी नव्हती. आपल्या या गुरूचे ऋण क्रूपा आयुष्यभर मानीत राहिले. ज्या संस्थेत त्यांना हे गुरू भेटले तेथील अध्यापन २०१७ साली थांबले. गुरूने पेरलेले बी मात्र केव्हाच फळाला आले होते.

सुमारे वर्षभर तेथे राहिल्यावर धर्मगुरूपद हे आपले पाचारण नाही, अशी जीनची खात्री झाली. हा निर्णय सोपा नव्हता. आईच्या स्वप्नाला तडा जाणार होता. पण जे आपले नाही त्याचा अंगरखा चढवून जगण्यापेक्षा खरे बोलणे त्याने पसंत केले. सेमिनरी सोडून घरी परतणाऱ्या तरुणाकडे समाज पुष्कळदा अपयशी म्हणून पाहतो. त्याने काहीतरी गमावले, असे आपण गृहीत धरतो. जीन क्रूपा यांचे पुढील आयुष्य या समजुतीला उत्तर देते.

शिकागो हे त्या काळी जाझ संगीताचे मोठे केंद्र होते. न्यू ऑर्लिन्स शहरातून उत्तरेकडे आलेले कृष्णवर्णीय वादक तेथील नृत्यगृहे गाजवीत होते. जीन रात्री-अपरात्री त्यांना ऐकायला जाई. बेबी डॉड्स आणि झटी सिंगलटन हे ड्रमवादक त्याचे खरे गुरू ठरले. आपली कला आपण कृष्णवर्णीयांकडून घेतली, हे क्रूपा यांनी पुढे कीर्तीच्या शिखरावर असतानाही मोकळेपणाने मान्य केले. १९२७ साली थेल्मा टेरी या महिला वादकाच्या बँडमध्ये त्यांना स्थान मिळाले. त्याच वर्षी मकेंझी आणि काँडन यांच्या शिकागो चमूबरोबर त्यांची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. त्या वेळच्या ध्वनिमुद्रणात मोठ्या ढोलाला मज्जाव असे, कारण त्याच्या धक्क्याने मुद्रणाची सुई जागची हलेल अशी तंत्रज्ञांना धास्ती वाटे. क्रूपा यांनी मात्र आपला संपूर्ण संच वाजवला. पूर्ण ड्रमसंचाच्या अगदी आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत त्यांची गणना होते.

१९२९ साली ते न्यू यॉर्कला गेले. तेथे जॉर्ज गर्श्विन यांच्या संगीतनाटकांच्या वाद्यवृंदात ते वाजवू लागले. त्याच वृंदात बेनी गुडमन आणि ग्लेन मिलर हेही होते. आपल्या शिक्षणातील उणिवा क्रूपा यांना येथे जाणवल्या. मग त्यांनी सॅनफर्ड मोलर या नामांकित शिक्षकाकडे नव्याने धडे घेतले. मनगटावर ताण न देता, चाबूक फिरवावा तसा संपूर्ण हात खेळवून आघात करण्याची मोलर यांची पद्धत त्यांनी आत्मसात केली. तासन् तास सराव करणे हा त्यांचा नित्यक्रम होता. लोकांना दिसत असे ते कपाळावर रुळणारे केस, घामाने भिजलेला चेहरा आणि हवेत उडणाऱ्या काठ्या. त्यामागची तपश्चर्या दिसत नसे.

डिसेंबर १९३४ मध्ये क्रूपा गुडमन यांच्या बँडमध्ये आले. आर्थिक मंदीने गांजलेल्या अमेरिकेत या बँडचे आरंभीचे दिवस हलाखीचे होते. १९३५ च्या देशव्यापी दौऱ्यात अनेक ठिकाणी निराशाच पदरी आली. परंतु २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिस येथील पॅलोमर बॉलरूममध्ये तरुणांच्या गर्दीने या बँडला डोक्यावर घेतले. ‘स्विंग’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतपर्वाचा प्रारंभ सामान्यतः त्या रात्रीपासून मानतात. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांमुळे गुडमन व क्रूपा ही नावे घरोघरी पोहोचली.

या यशाहूनही मोलाची गोष्ट त्याच काळात घडत होती. अमेरिकेत तेव्हा वर्णभेद कमालीचा तीव्र होता. गोरे आणि काळे कलावंत एकाच मंचावर बसत नसत. अशा वेळी गुडमन यांनी पियानोवादक टेडी विल्सन आणि नंतर व्हायब्रोफोनवादक लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय कलावंतांना घेऊन लहान संच उभारला. ज्यू स्थलांतरितांचा मुलगा, पोलिश कॅथोलिक कुटुंबातील मुलगा आणि दोन कृष्णवर्णीय, असे चौघे १९३६ पासून लोकांसमोर एकत्र वाजवू लागले. कोणतेही भाषण न करता या चौकडीने समतेचा धडा दिला.

क्रूपा यांच्या विनम्रतेची साक्ष देणारा एक प्रसंग याच काळातला. ११ मे १९३७ रोजी हार्लेममधील सॅव्हॉय बॉलरूममध्ये गुडमन यांचा बँड आणि चिक वेब यांचा बँड यांचा सामना झाला. चिक वेब हे कृष्णवर्णीय ड्रमवादक व बँडप्रमुख. अस्थिक्षयामुळे त्यांच्या पाठीला बाक आलेला आणि उंची जेमतेम. त्या रात्री त्यांनी असे काही वाजवले की सामना निर्विवादपणे त्यांचा झाला. देशभर गाजत असलेले क्रूपा उठले आणि सर्वांसमक्ष त्यांनी वेब यांना वाकून वंदन केले.

कार्नेगी हॉलच्या त्या कार्यक्रमानंतर श्रोते प्रत्येक गाण्यात क्रूपा यांच्याच नावाचा पुकारा करू लागले. त्यातून गुडमन यांच्याशी मतभेद झाले व मार्च १९३८ मध्ये क्रूपा बाहेर पडले. १६ एप्रिल १९३८ रोजी अटलांटिक सिटीच्या स्टील पियर येथे त्यांचा स्वतःचा बँड प्रथम लोकांसमोर आला. ड्रमवादक हा तोवर मागे बसून ताल धरणारा सेवक समजला जाई. क्रूपा यांनी त्याला पुढच्या रांगेत आणले. स्लिंगरलँड या वाद्यनिर्मात्या कंपनीकडून त्यांनी दोन्ही बाजूंनी सुरात लावता येतील असे टॉम-टॉम घडवून घेतले. आजच्या ड्रमसंचाची मांडणी रूढ होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आपल्या लग्नसमारंभांत वाजणारा ड्रमसेट पाहताना हे नाव आठवावे.

१९४१ साली गायिका अनिता ओ’डे आणि कृष्णवर्णीय ट्रंपेटवादक रॉय एल्ड्रिज त्यांच्या बँडमध्ये आले आणि बँडच्या वैभवाचा काळ सुरू झाला. गोऱ्या बँडमध्ये कृष्णवर्णीय वादकाने नियमित सभासद म्हणून बसणे त्या काळी अतिशय विरळा. दौऱ्यावर असताना एल्ड्रिज यांना हॉटेलांत खोली आणि उपाहारगृहांत जेवण नाकारले जाई. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क या गावी असाच प्रकार घडला तेव्हा क्रूपा मालकाशी हातघाईवर आले. त्याबद्दल त्यांना अटक झाली व दंडही भरावा लागला. हातघाई समर्थनीय नव्हे. तथापि सहकाऱ्याचा अपमान मुकाट्याने गिळून आपले जेवण करणे त्यांना जमले नाही, हे विसरता येणार नाही.

मग आले १९४३ साल. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को येथे गांजाच्या सिगारेटी बाळगल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. अल्पवयीन मदतनिसाकरवी त्या नेल्याचा दुसरा, अधिक गंभीर आरोपही ठेवण्यात आला. पहिल्या गुन्ह्याबद्दल त्यांनी ८४ दिवस तुरुंगात काढले. दुसऱ्या आरोपावरील शिक्षा १९४४ साली वरिष्ठ न्यायालयाने रद्द केली. पण तोवर वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ बदनामी केली होती. बँड मोडला होता. संसारही विस्कटलेला होता. १९३४ साली विवाहबद्ध झालेल्या पत्नी एथेल यांच्याशी १९४२ मध्येच घटस्फोट झाला होता. लोकप्रियतेच्या शिखरावरून ही व्यक्ती थेट तुरुंगाच्या कोठडीत येऊन पडली. आता आपल्याला कोणी स्वीकारणार नाही, या भयाने ते ग्रासले होते.

प्रथम आधार दिला तो जुन्या सहकाऱ्यांनी. गुडमन यांनी त्यांना पुन्हा आपल्या बँडमध्ये घेतले. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये टॉमी डॉर्सी यांच्या बँडबरोबर ते न्यू यॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरात वाजवायला बसले. लोक हुर्यो उडवतील अशी धास्ती होती. प्रत्यक्षात त्यांना ओळखताच श्रोते उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट थांबेना. क्रूपा यांचे डोळे पाणावले. पतित माणसाला हात देऊन उठवणे हे केवळ मंदिरातच घडते असे नाही, ते नाट्यगृहातही घडू शकते! १९४६ मध्ये त्यांनी एथेल यांच्याशीच पुन्हा विवाह केला. १९५५ साली एथेल यांचे निधन होईपर्यंत ही सोबत टिकली.

१९४४ मध्ये त्यांनी पुन्हा बँड उभारला. संगीताची रुची आता बदलत होती. बीबॉप नावाची नवी शैली रुजत होती. अनेक ज्येष्ठ वादकांनी तिची हेटाळणी केली, पण क्रूपा यांनी गेरी मलिगन यांच्यासारख्या तरुणांना संधी दिली. १९५१ साली मोठा बँड बंद करून ते लहान संचाबरोबर वाजवू लागले. १९५२ मध्ये त्यांनी जपानचा दौरा केला. १९५४ साली मित्र कोझी कोल या कृष्णवर्णीय ड्रमवादकासह त्यांनी न्यू यॉर्कमध्ये ड्रमची शाळा काढली. १९५९ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला. अभिनेता सॅल मिनिओ यांनी त्यात क्रूपा यांची भूमिका केली, तर पडद्यावर ऐकू येणारे ड्रम खुद्द क्रूपा यांनी वाजवले. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा विवाह केला आणि पुढे दोन बालके दत्तक घेतली.

१९६० मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पुढे रक्ताच्या कर्करोगाने गाठले. तरीही ऑगस्ट १९७३ मध्ये गुडमन, विल्सन आणि हॅम्प्टन यांच्यासह ती मूळ चौकडी पुन्हा एकदा लोकांसमोर बसली. थकलेल्या देहाने क्रूपा यांनी ठेका धरला. दोनच महिन्यांनी, १६ ऑक्टोबर १९७३ रोजी, यॉन्कर्स येथील राहत्या घरी वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शिकागोजवळील कॅल्युमेट सिटी येथील होली क्रॉस या कॅथोलिक दफनभूमीत त्यांचा देह विसावला आहे.

जीन क्रूपा हे संत नव्हते. त्यांच्या आयुष्यात चुका होत्या, पडझड होती. परंतु हाती आलेले देणे त्यांनी जमिनीत पुरून ठेवले नाही. ज्यांच्याकडून शिकले त्यांना मान दिला, ज्यांना समाजाने दारातून परत पाठवले त्यांना शेजारी बसवले आणि पडल्यावर पुन्हा उठले. आपल्या धर्मग्रामातही सेमिनरीतून परतलेले तरुण असतात. त्यांच्याशी बोलताना आवाजात कीव आणि नजरेत प्रश्न आणण्यापूर्वी रेन्सेलरहून घरी परतलेल्या त्या मुलाची आठवण ठेवावी. त्याने वेदी सोडली होती. सेवा सोडली नव्हती.