वॉल्ट डिस्ने : रंगरेषा आणि गोष्ट

ज्यांचें नांव ऐकतांच लहान मुलांच्या चेहऱ्यावर हंसूं उमटतें आणि वडील माणसांस आपलें बालपण आठवतें, अशीं माणसें जगांत फार थोडीं. अमेरिकेंतील वॉल्ट डिस्ने हे त्यांपैकीं एक होत. त्यांचा मिकी नांवाचा उंदीर ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत सांपडणें कठीण. परंतु त्या उंदराच्या जनकाचें चरित्र थोड्यांसच ठाऊक असतें. तें आम्ही येथें सांगणार आहों, आणि सांगतां सांगतां एका प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधणार आहों. चित्रें डोळे दिपविणारीं असलीं, म्हणजे गोष्ट दुबळी असली तरी भागतें काय? हा प्रश्न डिस्ने यांच्या पुढें जन्मभर उभा होता, आणि त्याचें उत्तर शोधतांना त्यांनीं लक्षावधि डॉलर मिळविले व घालविलेही.

वॉल्ट यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजीं शिकागो शहरीं झाला. वडील इलायस हे कष्टाळू, पण करड्या स्वभावाचे गृहस्थ होते. १९०६ सालीं हें कुटुंब मिसूरी प्रांतांतील मार्सेलिन या लहानशा गांवीं शेती करण्यास गेलें. तेथील गाईगुरें, डुकरें आणि कोंबड्या यांच्या सहवासांत वॉल्टचीं बालपणींचीं चार-पांच वर्षें गेलीं. पुढें त्यांच्या चित्रांत प्राण्यांना जें मानाचें स्थान मिळालें, त्याचें मूळ या शेतावर आहे. शेती तोट्यांत गेल्यावर १९११ मध्यें मंडळी कॅन्सस सिटी येथें आली. वडिलांनीं वर्तमानपत्रें वाटण्याचें काम घेतलें, आणि वॉल्ट व त्याचा वडील भाऊ रॉय पहाटेच्या अंधारांत, हिवाळ्यांत तर गुडघाभर बर्फांतून, घरोघर अंक पोंचवूं लागले. मग शाळेंत वॉल्टला डुलक्या येत. जागा असे तेव्हां तो वहीच्या कडेला चित्रें काढी.

१९१८ सालीं महायुद्ध चालू असतां सोळा वर्षांच्या वॉल्टनें अर्जावरील जन्मसाल बदलून रेडक्रॉसमध्यें गाडीवान म्हणून प्रवेश मिळविला. तो फ्रान्समध्यें पोंचला तेव्हां लढाई थांबलेली होती. परत आल्यावर त्यानें कॅन्सस सिटींतच चित्रकलेची नोकरी धरली. तेथें त्याला अब आयवर्क्स नांवाचा अत्यंत कुशल चित्रकार मित्र लाभला, आणि दोघांसही हालत्या चित्रांचा नाद लागला.

हीं चित्रें हालतात तरी कशीं, हें येथें सांगणें अवश्य आहे. एकाच आकृतीचीं अनेक चित्रें काढावयाचीं, प्रत्येकांत हातपाय किंचित् पुढें सरकलेले दाखवावयाचे, आणि एकेक चित्राचा फोटो घेऊन ती फीत पडद्यावर वेगानें सोडावयाची. एका सेकंदांत अशा चोवीस चौकटी डोळ्यांपुढून जातात, आणि आपल्या डोळ्यांस ती आकृति चालूं लागल्याचा भास होतो. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीं सन १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट केला, तो याच तत्त्वावर. त्यांनीं चित्रांच्या ऐवजीं खऱ्या आगकाड्या एकेक फोटोगणिक सरकविल्या होत्या. काम मोठें किचकट. म्हणूनच ज्याला तें साधतें त्याला मोह होतो कीं, हालचाल दाखविली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें.

वॉल्टनीं आरंभीं काढलेली कंपनी १९२३ सालीं दिवाळ्यांत निघाली. खिशांत सुमारें चाळीस डॉलर घेऊन ते हॉलिवुड येथें गेले, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत बंधु रॉय यांच्या भागीदारींत त्यांनीं नवा कारखाना उघडला. चित्रांकडे वॉल्ट पाहत, हिशेबाकडे रॉय. १९२७ सालीं त्यांनीं ऑस्वल्ड नांवाचा ससा निर्माण केला आणि तो लोकप्रियही झाला. परंतु पुढच्याच वर्षीं त्यांस कळलें कीं, करारानें त्या सशावर मालकी चित्रपट विकणाऱ्या व्यापाऱ्याची आहे, आणि आपले बहुतेक चित्रकारही त्यानें फोडले आहेत. या आपत्तींतून मिकीचा जन्म झाला. उंदराची हालचाल बहुतांशीं आयवर्क्स यांच्या हातची, आवाज मात्र खुद्द वॉल्ट यांचा. १८ नोव्हेंबर १९२८ रोजीं न्यूयॉर्कमध्यें ‘स्टीमबोट विली’ हा छोटा बोलपट दाखविण्यांत आला. उंदराच्या प्रत्येक हालचालीबरोबर नेमका सूर वाजतांना पाहून प्रेक्षक थक्क झाले.

येथपर्यंत नवलाईचा विजय होता. १९२९ सालच्या ‘स्केलिटन डान्स’ मध्यें स्मशानांतले सांगाडे नाचतात, याहून अधिक गोष्ट नाहीं. तरीही लोक खुष झाले. पांचसहा मिनिटांच्या खेळास नवलाई पुरते. परंतु नवलाई ही पाहुणी आहे. ती घरांत फार दिवस राहत नाहीं, हें वॉल्टनीं इतरांच्या आधीं ओळखलें. १९३३ सालीं ‘तीन डुकरें’ हा त्यांचा चित्रपट निघाला. तिघांचीं तोंडें एकसारखीं, परंतु दोघे आळशी आणि तिसरा कष्टाळू हें त्यांच्या चालण्याबोलण्यावरून कळावें, अशी खटपट त्यांत केली होती. त्या वेळीं अमेरिकेंत कमालीची मंदी होती. लाखों लोक बेकार होते. दारावर येऊन थडकणाऱ्या लांडग्यापुढें विटांचें घर टिकलें, हें पाहून त्यांस धीर आला. याच सुमारास वॉल्टनीं आपल्या कारखान्यांत गोष्ट रचणाऱ्यांचें निराळें खातें उघडलें. कथेंतील एकेक प्रसंगाचें लहान चित्र काढून तीं चित्रें ओळीनें फळ्यावर टांचावयाचीं, म्हणजे कोठें गोष्ट लंगडते तें रंगाचा थेंब खर्च होण्यापूर्वींच दिसतें, ही पद्धति तेथें रूढ झाली. आज जगभर चित्रपट करणारे हीच रीत वापरतात.

१९३४ सालीं एके रात्रीं वॉल्टनीं आपल्या चित्रकारांस एकत्र बसवून ‘हिमगौरी’ ची सारी कथा एकट्यानें अभिनय करून सांगितली, आणि तिचा पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याचा बेत जाहीर केला. धंद्यांतील लोकांनीं त्यांस वेड्यांत काढलें. सव्वा तास चित्रें कोण पाहणार, असा त्यांचा आक्षेप होता. खर्च सुमारें पंधरा लक्ष डॉलरांवर गेला. या कामांतील एक घटना आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. वॉर्ड किंबॉल या तरुण चित्रकारानें सात बुटके मिटक्या मारीत सूप पितात, हा प्रसंग कित्येक महिने खपून तयार केला. प्रसंग गमतीचा होता व हालचाल उत्कृष्ट होती. परंतु त्यामुळें गोष्ट मध्येंच थबकते, असें वॉल्टना आढळून आलें, आणि तो प्रसंग त्यांनीं काढून टाकला. किंबॉल यांस किती वाईट वाटलें असेल, याची कल्पना कोणाही विद्यार्थ्यास करतां येईल. २१ डिसेंबर १९३७ रोजीं चित्रपट झळकला, आणि बुटके हिमगौरीच्या शवपेटीभोवतीं रडूं लागले तेव्हां प्रेक्षागृहांतील मोठमोठ्या नटनट्यांचेही डोळे ओले झाले. रेषांनीं काढलेल्या बाहुल्यांसाठीं माणसें रडलीं!

यशानंतर मात्र खरी परीक्षा आली. १९४० सालचा ‘पिनोकिओ’ तयार होत असतां लांकडी बाहुला कोणालाच आवडेना, म्हणून वॉल्टनीं काम थांबविलें, त्याचें रूप बदललें आणि मूळ पुस्तकांत आरंभींच मरणाऱ्या रातकिड्यास त्याचा सोबती व मार्गदर्शक केलें. त्या रातकिड्याचें चित्रण त्यांनीं किंबॉल यांच्याच हातीं दिलें. त्याच वर्षींच्या ‘फँटेशिया’ मध्यें सलग गोष्ट अशी नव्हतीच. थोर संगीतकारांच्या रचना आणि त्यांवर नाचणारे रंग हाच त्याचा विषय. कलेच्या दृष्टीनें तें धाडस अपूर्व होतें. परंतु युद्धामुळें युरोपची बाजारपेठ बंद, नव्या ध्वनियंत्रांचा खर्च प्रचंड, आणि सामान्य प्रेक्षक बुचकळ्यांत पडलेला. वीस लक्षांहून अधिक डॉलर खर्चून केलेला हा चित्रपट त्या वेळीं बुडाला.

पैशाची ओढाताण सुरू झाली, आणि १९४१ च्या मे महिन्यांत कारखान्यांतील अनेक चित्रकारांनीं संप पुकारला. वेतनांतील विषमता व संघटनेचा हक्क ह्या त्यांच्या तक्रारी होत्या. वॉल्ट यांनीं त्या समजुतीनें घेतल्या नाहींत. हा आपला विश्वासघात आहे असें मानून त्यांनीं मनांत अढी धरली, व जुन्या जिव्हाळ्यास कायमचा तडा गेला. थोरांचें चरित्र लिहितांना अशा गोष्टी झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ‘डंबो’ प्रसिद्ध झाला. तो अवघ्या चौसष्ट मिनिटांचा; खर्च दहा लक्ष डॉलरांच्या आंत; पार्श्वचित्रें साध्या जलरंगांतील. ‘फँटेशिया’ च्या थाटामाटापुढें हा अगदीं गरीब दिसावा. परंतु सर्कशींतल्या त्या लंबकर्ण हत्तीच्या पिलास लोक हंसतात, त्याची बाजू घेणाऱ्या आईस साखळदंडांनीं बांधून कोंडतात, आणि रात्रीं ती गजांमधून सोंड बाहेर काढून पिलास झुलविते, एवढें पाहिल्यावर चित्रांतील काटकसर कोणाच्या ध्यानांत राहते? पिलू साऱ्या चित्रपटांत एक शब्दही बोलत नाहीं. या चित्रपटानें कारखान्यास फायदा मिळवून दिला.

पुढें वॉल्ट यांचें लक्ष दूरचित्रवाणीकडे आणि १७ जुलै १९५५ रोजीं उघडलेल्या ‘डिस्नेलँड’ या विहारोद्यानाकडे वळलें. याच काळांत ‘निद्रिस्त राजकन्या’ या चित्रपटाचें काम वर्षानुवर्षें चाललें होतें. आयव्हिंड अर्ल या चित्रकाराची पार्श्वचित्रें म्हणजे मध्ययुगीन युरोपांतील चित्रांचा व विणलेल्या पडद्यांचा साक्षात् पुनर्जन्म. झाडाचें पानन्‌पान रेखलेलें. रुंद पडदा, भारी रंग, साठ लक्ष डॉलर खर्च! परंतु फळ्यावर गोष्टीचे दोष हुडकून काढणारे वॉल्ट आतां क्वचितच त्या दालनांत फिरकत. कथेची नायिका फार थोडा वेळ दिसते, बोलते त्याहून कमी, आणि संकटाच्या ऐन वेळीं निजलेली असते. २९ जानेवारी १९५९ रोजीं चित्रपट निघाला तेव्हां लोकांनीं चित्रांची वाहवा केली, पण पहिल्या फेरींत तो तोट्यांत गेला आणि अनेक कारागिरांस नोकरी गमवावी लागली. पुढें पुन्हा पुन्हा प्रदर्शित होऊन त्यानें खर्च भरून काढला, व त्यांतील चित्रकलेचा अभ्यास आजही होतो, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु ज्यांची रोजी गेली त्यांस ती कीर्ति कांहीं कामाची नव्हती.

यानंतर १९६१ सालीं आलेला ‘एकशेंएक डाल्मेशियन’ पाहा. काटकसरीसाठीं चित्रकारांच्या पेन्सिलीच्या रेघा झेरॉक्स यंत्रानें थेट पारदर्शक पत्र्यांवर उतरविल्या. त्यामुळें हातानें रेघा गिरवणाऱ्या स्त्रियांचें नाजुक काम त्यांतून गेलें. ती खरबरीत रेषा वॉल्टना मुळींच आवडली नाहीं. परंतु डोडी स्मिथ यांच्या कादंबरीवरून बिल पीट या एकट्यानें रचलेली कथा मजबूत होती: पिलें चोरीस गेलीं आहेत आणि आईबाप त्यांच्या शोधांत आहेत. प्रेक्षकांनीं तो चित्रपट डोक्यावर घेतला.

येथें कोणी चौकस विद्यार्थी हरकत घेईल कीं, ‘जंगल बुक’ मध्यें तरी गोष्ट कोठें मोठी आहे? हरकत रास्त आहे. मुंबईंत जन्मलेल्या किपलिंग यांच्या त्या पुस्तकावर पीट यांनीं गंभीर कथा लिहिली होती. वॉल्टनीं ती नाकारली, आणि पीट कारखाना सोडून गेले. चित्रपटाचें कथानक म्हणजे मोगली आज अस्वलास भेटतो, उद्यां वानरांस, एवढेंच. तरीही तो अत्यंत लोकप्रिय झाला. आमच्या मतें याचें कारण असें कीं, गोष्ट म्हणजे केवळ घटनांची गुंतागुंत नव्हे. बालूचें मोगलीवर प्रेम जडतें, आणि त्याच्या हितासाठीं त्यास माणसांत पोंचवावें लागणार या विचारानें तो व्याकुळ होतो. पुढें काय होणार याची काळजी जेथें लागते, तेथें गोष्ट आहे. ती काळजी निर्माण झाली नाहीं, तर पानन्‌पान रेखलेलें अरण्यही ओसाड वाटतें.

‘जंगल बुक’ चें यश पाहण्यास वॉल्ट राहिले नाहींत. १५ डिसेंबर १९६६ रोजीं फुप्फुसाच्या कर्करोगानें त्यांचा अंत झाला. चित्रपट पुढील ऑक्टोबरांत आला. त्यांच्या कारखान्यांतील विद्या मात्र दूरवर पसरली होती. तेथें काम केलेले क्लेअर वीक्स हे १९५६ सालीं मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें शिकविण्यास आले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखालीं आपल्या तरुणांनीं १९५७ सालीं ‘बनियन डिअर’ हा चित्रपट केला. त्यासाठीं त्यांनीं विषय निवडला तो जातककथेंतला. नवी कला हातीं येतांच जुनी, कसास लागलेली गोष्ट शोधावी, हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटतें.

आतां आमच्या प्रश्नाचें उत्तर. चकचकीत हालचाल दुबळ्या गोष्टीस पांच मिनिटें उचलून धरते, दीड तास नाहीं. आणि सबळ गोष्ट साध्या रेषेसही तारून नेते. दोन्ही एकत्र येतात तेव्हां ‘हिमगौरी’ घडते. विद्यार्थी मित्रहो, आज चित्रें हालविणें यंत्रामुळें पूर्वीपेक्षां पुष्कळ सोपें झालें आहे, व तुमच्यापैकीं कित्येक तें घरींच करतात. संमेलनाच्या नाटकांत पडदे आणि पोशाख यांवर महिना खर्च होतो, व संहिता शेवटच्या आठवड्यांत लिहिली जाते, हेंही आम्ही दरवर्षीं पाहतों. पालकांसही विनंति कीं, मुलाचें चित्र पाहून सुरेख आहे एवढें म्हणून थांबूं नये. यांत पुढें काय होतें, असें त्यास अवश्य विचारावें. मूल उत्तर शोधूं लागलें म्हणजे त्याच्या हातून नुसतें चित्र नव्हे, तर गोष्ट घडूं लागेल. आणि किंबॉल यांच्या प्रमाणें आवडता प्रसंग काढून टाकण्याची वेळ आली, तर त्या चित्रकारानें पुढें रातकिडा किती मनःपूर्वक रंगविला, तें स्मरावें.