क्ष-किरण चित्रापुढचा हिशेब मांडणारे ब्रॅडफर्ड हिल

ज्या क्षयामुळे डॉक्टर होण्याचे स्वप्न भंगले, त्याच क्षयावरील औषधाची कसोटी आखण्याचा योग ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या आयुष्यात आला. १८९७ साली लंडन येथे जन्मलेले हिल पहिल्या महायुद्धात वैमानिक होते. क्षयाने ग्रासल्याने ते मायदेशी परतले आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळले. पुढे टपालाद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते संख्याशास्त्राकडे वळले.

१९४७ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा तुटवडा होता. मग औषध कोणाला द्यायचे? हिल यांनी हा निर्णय डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक आकड्यांवर सोपविला. बंद लिफाफ्यातील चिठ्ठीनुसार ५५ रुग्णांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली. रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी क्ष-किरण चित्रे तपासली. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ५१ टक्के, तर दुसऱ्यातील अवघ्या ८ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा आढळली. मृत्यू अनुक्रमे ४ व १४ होते.

परंतु क्षयाचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले. पाच वर्षांअखेर मृतांचे आकडे ३२ आणि ३५ असे जवळ आले! चित्रातील सुधारणा म्हणजे रुग्णाचे आयुष्य नव्हे, हे त्या आकड्यांतून दिसले. म्हणूनच आज अशा पर्यायी निकषाची पारख करताना संख्याशास्त्रज्ञ अनेक चाचण्यांतील निकषावरचा परिणाम आणि मृत्यूवरचा परिणाम यांचा मेळ बसतो का, हे पाहतात. स्ट्रेप्टोमायसिनला दुसऱ्या औषधाची जोड देणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष १९५० मध्ये आले; जंतूंचा प्रतिकार त्यामुळे बराच आटोक्यात आला. हिल यांचे १९९१ मध्ये निधन झाले.