न्या. बद्रुद्दीन तय्यबजी : शाळा उभारणारा न्यायाधीश



मुंबईला गेलात तर बोरीबंदर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर घुमटांची एक दगडी इमारत पाहा. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. ज्यांनी तिचा पाया घातला, त्यांतील प्रमुख म्हणजे मरहूम बद्रुद्दीन तय्यबजी.

त्यांचा जन्म १८४४ साली मुंबईत, एका व्यापारी घराण्यात झाला. इंग्रजी शिकणे म्हणजे दीन बुडविणे, असे पुष्कळांना वाटण्याचा तो काळ. तरीही त्यांच्या वडिलांनी मुलांना विलायतेस धाडले. मदरशात आणि एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले बद्रुद्दीन १८६० साली तिकडे गेले. परंतु डोळ्यांच्या विकारामुळे १८६४ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. दुसरा असता तर वडिलांच्या पेढीवर बसला असता. बद्रुद्दीन वर्षभराने पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊनच परत आले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

वकिलीत नाव व पैसा मिळाला. पण आपण शिकलो, आता कौमच्या मुलांचे काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १८७४ साली वडीलबंधू कमरुद्दीन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन स्थापन केली. प्रत्यक्ष शाळा सुरू व्हायला सहा वर्षे लागली! १८८० साली बाबुला टँक येथे ३ शिक्षक व १२० विद्यार्थी घेऊन ती उघडली. बोरीबंदरसमोरील इमारत १८९३ मध्ये पुरी झाली. धार्मिक तालीम आणि आधुनिक विद्या यांत वैर नाही, हे त्यांनी शाळा चालवूनच दाखविले.

१८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, तर १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश. १८९७ साली लोकमान्य टिळकांना आधी नाकारलेला जामीन त्यांनीच दिला. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. मुलींना त्यांनी शाळेत घातले आणि १९०४ साली दोघींना शिकण्यासाठी विलायतेस पाठविले. १९०६ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

पालकहो, हजेरीपटावरची काही नावे सातवी-आठवीनंतर गळतात, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. कुणी दुकानात लागतो, कुणा मुलीला घरी बसवितात. अडचणी खऱ्या असतात. बद्रुद्दीन यांचीही खरीच होती. पण त्यांनी तुटलेला धागा पुन्हा जोडला, म्हणून पुढे हजारो मुलांना शाळेचे दार उघडले. तुमच्या घरात असा धागा तुटला असेल, तर या जूनमध्ये त्या मुलाला किंवा मुलीला घेऊन शाळेत या. नाव पुन्हा घालता येते.