घुबडाला घर बांधून देणारा अवलिया

घुबड ओरडलं की घरात कोणीतरी जाणार, असं आपल्याकडे अजूनही मानतात. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्येही हेच मानायचे. यॉर्कशायरमध्ये वेकफिल्डजवळ वॉल्टन हॉल नावाची जहागीर होती. तिथले नोकरचाकर गव्हाणी घुबड दिसलं की मारून टाकत. १८१३ मध्ये तिथल्या तरुण मालकानं ही पद्धत एका फटक्यात बंद केली. एवढ्यावर तो थांबला नाही. वाड्याजवळच्या पडक्या वेशीवर त्यानं दगड-चुन्याची चार फूट लांब-रुंद खोली बांधली, बसायला आत ओकचा जाड दांडा रोवला आणि गप्प वाट बघत बसला. महिनाभरात घुबडांची जोडी राहायला आली!

या मालकाचं नाव चार्ल्स वॉटर्टन. जन्म १७८२ चा. शाळेत असल्यापासून पक्ष्यांची घरटी शोधत झाडांवर चढायचा नाद. १८०४ मध्ये तो दक्षिण अमेरिकेत ब्रिटिश गयानाला गेला, ते नातलगांचे मळे सांभाळायला. ते मळे गुलामांच्या घामावर चालत. पुढे त्यानं गुलामगिरीचं समर्थन होऊच शकत नाही असं लिहिलं, पण त्याची तरुणपणीची वर्षं त्याच व्यवस्थेत गेली, हेही खरं.

मळ्यांचं काम सुटल्यावर तो जंगलात शिरला. १८१२ ते १८२४ या काळात त्यानं चार मोठ्या सफरी केल्या, त्याही बऱ्याचदा अनवाणी. एकदा तर पकडलेल्या केमनच्या, म्हणजे तिथल्या मगरीच्या पाठीवर तो चक्क स्वार झाला. मेलेले पक्षी पेंढा न भरता हुबेहूब टिकवायची स्वतःची पद्धत त्यानं शोधली आणि ती जॉन एडमन्स्टन या गुलाम तरुणाला शिकवली. हाच जॉन पुढे स्वतंत्र होऊन एडिंबरोत राहिला आणि तिथे त्यानं हे काम एका कॉलेजकुमाराला शिकवलं. त्या पोराचं नाव चार्ल्स डार्विन!

पण वॉटर्टनचं सगळ्यात मोठं काम घरीच झालं. त्या काळी श्रीमंतांच्या जहागिरी म्हणजे शिकारीची मैदानं. यानं मात्र १८२१ ते १८२६ या काळात जहागिरीभोवती सुमारे पाच किलोमीटर लांबीची उंच भिंत घातली. कोल्हे आणि चोरटे शिकारी बाहेर, पक्षी आत. बंदुकीला मनाई. खर्च झाला नऊ हजार पौंडांच्या आसपास. आपण दारू पीत नाही, तिचे वाचलेले पैसे भिंतीत घातले, असं तो सांगायचा.

आत त्यानं प्रत्येक पक्ष्याची गरज ओळखून सोय केली. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीची चुलत बहीण. तिच्यासाठी भिंतीत भोकं ठेवली. काही पाकोळ्या नदीकाठच्या वाळूत बोगदे खणून राहतात. त्यांच्यासाठी त्यानं नळ्या बसवलेली खास भिंत उभारली. वठलेली झाडं तोडू दिली नाहीत, कारण ढोली म्हणजे पक्ष्यांचं तयार घर.

हे नुसतं प्रेम नव्हतं, त्यामागे निरीक्षण होतं. घुबडं न पचलेली हाडं-केस गोळ्या करून ओकतात. त्या गोळ्या त्यानं फोडून बघितल्या, तर एकेकीत चार ते सात उंदरांचे सांगाडे. ज्याला लोक अपशकुनी म्हणत होते, तो त्यांच्याच धान्याची राखण करत होता.

आयुष्य मात्र सोपं नव्हतं. १८२९ मध्ये त्यानं लग्न केलं. पुढच्याच वर्षी मुलाला जन्म देऊन बायको गेली. त्यानंतर तो पलंगावर कधी झोपला नाही. जमिनीवर पडायचा, उशाला लाकडाचा ठोकळा. पुढे शेजारी साबणाचा कारखाना आला. त्याच्या धुरानं झाडं जळू लागली, पाणी नासलं. वॉटर्टननं कारखानदारावर खटला भरला, वर्षानुवर्षं भांडला आणि अखेर कारखाना तिथून हलवायला लावला.

१८६५ च्या मे महिन्यात आपल्याच बागेत पडल्याचं निमित्त झालं आणि बयाऐंशीव्या वर्षी तो गेला. त्यानंतरची गोष्ट चटका लावणारी आहे. मुलाला पक्ष्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं जहागीर विकली, तीही त्याच साबणवाल्याच्या घराण्याला. चाळीस वर्षं जपलेलं सगळं परक्या हातात गेलं. आज त्या वाड्यात हॉटेल आहे आणि भिंतीचे काही तुकडे उरलेत.

मग उरलं काय? उरली ती घुबडाची खोली, म्हणजे तिच्यामागची कल्पना. पाच किलोमीटरची भिंत बांधायला जहागीर लागते. पक्ष्यासाठी पेटी टांगायला जहागीर लागत नाही. जगभर बागांमध्ये, गॅलऱ्यांमध्ये आज ज्या पेट्या दिसतात, त्या सुरुवातीला करून बघणाऱ्यांपैकी एक म्हणजे हा अवलिया.

आपल्याकडे चिमणी, दयाळ, साळुंकी हे पक्षी भोकात किंवा ढोलीतच घरटं करतात. नव्या इमारतींच्या गुळगुळीत भिंतींत त्यांना जागाच सापडत नाही. चिमणीच्या पेटीला साधारण ३२ मिलिमीटरचं गोल भोक पुरतं. पेटी दुपारच्या उन्हापासून आणि मांजरापासून लांब टांगा. घरटं झालं की सेल्फीसाठी झाकण उघडू नका. आणि पहिल्या महिन्यात कोणी आलं नाही म्हणून पेटी काढूही नका. वॉटर्टनची घुबडं महिन्यात आली. तुमची चिमणी कदाचित पुढच्या वर्षी येईल.